मेक्सिको मूठभरांनी जिंकला नाही

एर्नान कोर्तेस 1519मध्ये पाचशेच्या आसपास शिपाई आणि सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि अवघ्या दोन वर्षांत त्याने अझ्टेकांचे बलाढ्य साम्राज्य जिंकले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यापुढची कारणमीमांसाही ठरलेली असते. तिथल्या लोकांनी घोडा आणि बंदूक कधी पाहिली नव्हती, म्हणून ते हादरले. आणि त्यांचा राजा मोक्तेसुमा याला हे दाढीवाले गोरे लोक देव वाटले, म्हणून त्याने लढण्याआधीच हाय खाल्ली. ऐकणाऱ्याच्या मनात यातून एक निष्कर्ष पक्का बसतो: युरोपचा विजय ठरलेलाच होता, आणि हरणारे लोक भाबडे होते.

ही कथा मुळातच चुकीची आहे. अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान हे शहर 13 ऑगस्ट 1521 रोजी पडले ते मध्य मेक्सिकोतल्या नगरराज्यांच्या आपसातल्या युद्धात. त्या युद्धात स्पॅनिश हा एक पक्ष होता. महत्त्वाचा होता, पण वेढा घालणाऱ्या सैन्यात त्याची संख्या अगदी थोडी होती. स्पेनने मेक्सिको खऱ्या अर्थाने गिळला तो त्यानंतरच्या काही दशकांत, मित्रांना दिलेला शब्द मोडून, वेठ आणि कर लादून, आणि एकामागून एक आलेल्या साथींनी खिळखिळ्या झालेल्या समाजावर कायद्याचा फास आवळून. लढाई आणि लूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचशेंच्या कथेत त्या एक होतात, आणि मग लढाई खोटी दिसते व लूट दिसतच नाही.

आधी शस्त्रांचे पाहू. पोलादी तलवार आणि चिलखत यांचा फायदा खरा होता आणि उघड्या मैदानात घोडेस्वाराचा धाक मोठा होता. हे कोणी नाकारू नये. पण टेनोच्टिट्लान हे सरोवरात वसलेले शहर होते. तिथे पोहोचायचे तर पाण्यातून गेलेल्या अरुंद बांधरस्त्यांवरून जावे लागे, आणि त्या रस्त्यांवरचे पूल काढून घेता येत. अशा जागी घोड्याचा काय उपयोग? 30 जून 1520च्या रात्री हीच शस्त्रे आणि हेच घोडे घेऊन कोर्तेसचे सैन्य शहरातून पळत होते, तेव्हा त्या बांधावर आणि पाण्यात त्याची निम्म्याहून अधिक स्पॅनिश माणसे गेली, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच्या बाजूने लढणाऱ्या त्लास्काला या स्थानिक राज्याचे शेकडो योद्धेही तिथेच मारले गेले. नवलाई म्हणाल तर तोवर ती केव्हाच ओसरली होती. शहरातल्या लोकांनी स्पॅनिशांना आठ महिने जवळून पाहिले होते आणि घोडाही मरतो, हे त्यांना ठाऊक झाले होते.

शस्त्रच निर्णायक असते तर ते सगळीकडे निर्णायक ठरायला हवे होते. चिलीमध्ये तसे झाले नाही. तिथल्या मापुचे लोकांनी 1553मध्ये स्पॅनिश गव्हर्नर पेद्रो दे वाल्दिव्हियाला तुकापेलच्या लढाईत ठार केले. त्यांचे नेतृत्व करणारा लाउतारो पूर्वी त्याच वाल्दिव्हियाच्या पदरी घोड्यांची देखभाल करत होता. 1598मध्ये कुरालाबा येथे त्यांनी आणखी एका गव्हर्नरला मारले, त्यानंतरच्या काही वर्षांत बिओबिओ नदीच्या दक्षिणेची स्पॅनिश शहरे उठवून लावली, आणि 1641मध्ये किलिनच्या तहात स्पेनला ती नदी सरहद्द म्हणून मान्य करावी लागली. मध्य अमेरिकेतल्या पेतेन सरोवरातले इत्सा माया लोकांचे नोहपेतेन हे शहर कोर्तेसने 1525मध्ये स्वतः पाहिले होते. ते स्पॅनिशांच्या हाती पडले 1697मध्ये. मेक्सिकोच्याच उत्तरेला चिचिमेक टोळ्यांशी 1550पासून चाळीस वर्षे युद्ध चालले आणि ते मिटले ते मुख्यतः अन्न, कापड आणि भेटी देऊन. माणसे तीच, पोलाद तेच, बारूद तीच. मग टेनोच्टिट्लान दोन वर्षांत का पडले? जिथे स्थानिक राज्यांची मोठी सैन्ये स्पॅनिशांच्या बाजूने उभी राहिली तिथे ते लवकर जिंकले, आणि जिथे ती मिळाली नाहीत तिथे पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडले.

यावर एक वजनदार उत्तर दिले जाते. जेरेड डायमंड यांनी 1997च्या ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ या गाजलेल्या पुस्तकात ते दिले आहे. स्थानिक लोक स्पॅनिशांना मिळाले हे खरे, पण आधी स्पॅनिशांनी स्वबळावर जबरदस्त विजय मिळवले आणि प्रतिकार व्यर्थ आहे हे पाहूनच ते जिंकणाऱ्याच्या बाजूला गेले, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे. मेक्सिकोच्या बाबतीत घटनाक्रमच तो खोडून काढतो.

त्लास्काला हे चार घराण्यांनी मिळून चालवलेले राज्य मोक्तेसुमाच्या मेशिका, म्हणजेच अझ्टेक, साम्राज्याने चहूबाजूंनी वेढलेले होते. कित्येक वर्षे त्यांना मीठ आणि कापूस मिळू दिला जात नव्हता. सप्टेंबर 1519मध्ये कोर्तेस त्यांच्या हद्दीत शिरला तेव्हा ते त्याच्याशी अनेक दिवस लढले. त्या लढाया कोर्तेसने निर्विवाद जिंकल्या नाहीत. त्याची माणसे मेली, उरलेली जखमी आणि उपाशी होती, परत फिरावे असे त्यांतले अनेक म्हणू लागले होते. त्लास्कालाला त्यांना आणखी काही आठवड्यांत संपवता आले असते. पण ही परकी, कडवी आणि पोलादाने लढणारी तुकडी मारून टाकण्यापेक्षा आपल्या जुन्या शत्रूवर सोडणे जास्त फायद्याचे आहे, असा हिशेब तिथल्या सभेने केला. हा निर्णय घाबरलेल्यांचा नव्हता. थंड डोक्याने राज्य करणाऱ्यांचा तो निर्णय होता, आणि त्यावर मतभेदही झाले. तरुण सेनापती शिकोतेन्कात्ल शेवटपर्यंत या मैत्रीच्या विरोधात राहिला.

डायमंड यांच्या मांडणीला खरा तडा जातो तो जुलै 1520मध्ये. टेनोच्टिट्लानमधून हाकलले गेलेले साडेचारशेच्या आसपास स्पॅनिश, बहुतेक सगळे जखमी, तोफा गमावून, लूट पाण्यात टाकून त्लास्कालाच्या हद्दीत परतले. त्या दिवशी ते कोणाच्याही दृष्टीने जिंकणारे नव्हते. मेशिकांचा नवा राजा क्वितलावाक याने त्लास्कालाकडे वकील पाठवले आणि जुने वैर विसरून परक्यांना मिळून संपवू, असा प्रस्ताव दिला. जिंकणाऱ्याच्या मागे जायचे असते तर हाच क्षण होता. त्लास्कालाने तो प्रस्ताव नाकारला. त्यांनी कोर्तेसच्या लोकांना आसरा दिला, जेवू घातले, बरे होऊ दिले, आणि बदल्यात अटी मागितल्या. पुढे त्यांच्या वंशजांनी स्पॅनिश दरबारात सांगितल्याप्रमाणे त्यांत करमाफी, लुटीतला वाटा आणि शेजारच्या मुलखावर हक्क यांचा समावेश होता. हरलेल्या माणसाशी अटी ठरवून करार करणारा पक्ष त्याचा अनुचर नसतो. या युद्धाचा तो भागीदार होता.

त्यानंतरची चढाई कोणाच्या बळावर झाली, हे कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रांतूनच दिसते. सरोवरावर ताबा मिळवण्यासाठी मार्तिन लोपेस या सुताराच्या देखरेखीखाली तेरा लढाऊ नौका बांधण्यात आल्या. लाकूड त्लास्कालाचे, तोडणारे हात त्लास्कालाचे, आणि सुट्या भागांत त्या नौका डोंगर ओलांडून वाहून आणणारे हजारो हमालही त्लास्कालाचे. नौका पाण्यात उतरवण्यासाठी तेस्कोकोला कालवा खणायचा होता, आणि रोज आठ हजार माणसे पन्नास दिवस त्या कामावर होती, असे कोर्तेसने स्वतः लिहिले आहे. तेस्कोको कोणते? 1428पासून मेशिकांच्या साम्राज्याचा जे शहर आधारस्तंभ होते, तेच. तिथला राजा नेसावालपिल्ली 1515मध्ये वारला, मोक्तेसुमाने आपल्या पसंतीचा भाचा काकामा गादीवर बसवण्यासाठी जोर लावला, आणि दुसरा राजपुत्र इश्त्लिल्शोचित्ल बंड करून उत्तरेत गेला. कोर्तेस किनाऱ्यावर उतरण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट आहे. साम्राज्याच्या कण्यात भेग आधीच पडली होती. पुढे इश्त्लिल्शोचित्ल आणि त्याचे सैन्य वेढ्यात शहराविरुद्ध लढले.

वेढा सुरू होताना कोर्तेसकडे सुमारे नऊशे स्पॅनिश होते, आणि त्यांतले अनेक मूळ पाचशेंपैकी नव्हतेच. क्युबाच्या गव्हर्नरने कोर्तेसला पकडायला पाठवलेल्या पानफिलो दे नार्वायेझच्या सैन्यातून ते फोडलेले होते. त्यांच्याभोवती त्लास्काला, तेस्कोको, चाल्को, वेहोत्सिन्गो आणि चोलुला यांची हजारो, कदाचित लाखाच्या घरात जाणारी माणसे होती. दिवसभर लढून जिंकलेला बांध रात्री मेशिका पुन्हा तोडत. सकाळी तो दगडमातीने भरणारे हात या मित्रराज्यांचे होते. घरे पाडणारे, होड्यांतून अन्न आणणारे, गल्लीगल्लीत लढणारेही तेच. जूनच्या अखेरीस मेशिकांनी जोरदार प्रतिहल्ला करून कित्येक स्पॅनिश जिवंत पकडले आणि देवळावर बळी दिले, तेव्हा अनेक मित्रतुकड्या घरी निघून गेल्या. वेढा जवळजवळ थांबला. त्या परतल्या तेव्हाच तो पुन्हा पुढे सरकला. युद्धाचा प्राण कुठे होता, हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता देवांची गोष्ट. कोर्तेस राजाला लांबलचक पत्रे लिहीत होता. आपल्याला केत्सालकोआत्ल नावाचा देव समजण्यात आले, असे त्याने कुठेही लिहिलेले नाही. असे काही घडले असते तर स्वतःची थोरवी सांगण्याची संधी तो सोडता ना. त्याने लिहिले ते वेगळेच: मोक्तेसुमाने पूर्वजांची कथा सांगून आपले राज्य स्पेनच्या राजाच्या हवाली केले. हे पत्र 30 ऑक्टोबर 1520चे आहे, म्हणजे शहर गमावून चार महिने झाले असताना लिहिलेले. त्या वेळी कोर्तेस क्युबाच्या गव्हर्नरचा हुकूम मोडून निघालेला गुन्हेगार होता. राजाची मर्जी मिळाली नाही तर फास अटळ होता. मोक्तेसुमाने राज्य आपणहून सोपवले असे ठरले, की पुढचा सगळा प्रतिकार बंडखोरी ठरतो आणि तो चिरडणे कायदेशीर ठरते. या पत्राकडे आरोपीचे बचावपत्र म्हणूनच पाहिले पाहिजे.

देव परत आल्याची सविस्तर कथा उभी राहिली ती पुढच्या पिढीत. बेर्नार्दिनो दे सहागुन या पाद्रीने मेशिकांची नावाटल भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मदतीने लिहवून घेतलेल्या ग्रंथात ती ठळकपणे येते, आणि त्या कामाला विजयानंतर तीसेक वर्षांनी सुरुवात झाली. सांगणाऱ्यांत त्लातेलोल्कोचे लोक होते. त्यांचे शहर टेनोच्टिट्लानला लागूनच असलेले, पण जुन्या वैराचे होते. पराभवाचे खापर घाबरट मोक्तेसुमावर फोडणे त्यांना सोयीचे होते, आणि आपले येणे ईश्वरी योजना होती हे पाद्रींना हवे होते. कॅमिला टाउनसेंड, मॅथ्यू रेस्टॉल आणि जेम्स लॉकहार्ट यांनी नावाटल कागदपत्रे वाचून हा पदर उलगडून दाखवला आहे. मोक्तेसुमाची प्रत्यक्ष कृती पाहिली तर तिथे भक्तिभाव दिसत नाही. त्याने जहाजांची चित्रे काढून आणवली, हेर ठेवले, भेटी देऊन परत पाठवण्याचा प्रयत्न केला. नार्वायेझ किनाऱ्यावर उतरल्याची खबर त्याला कोर्तेसच्या आधी होती, आणि त्याच्याशी त्याने परस्पर संधानही बांधले. संकट ओळखून चाल खेळणारा हा राज्यकर्ता होता. त्याच्या चाली फसल्या म्हणून त्याला भाबडा ठरवणे अन्याय आहे.

देवीच्या साथीनेच मेक्सिको पडला, असे म्हणणारेही आहेत. 1520मध्ये आलेल्या त्या साथीने शहर उद्ध्वस्त केले आणि क्वितलावाक अडीच-तीन महिन्यांच्या राज्यानंतर तिलाच बळी पडला, हे खरे. पण रोगाला बाजू नसते. त्लास्कालाचा स्पॅनिशधार्जिणा वृद्ध नेता माशिश्कात्सिनही त्याच साथीत गेला, आणि कोर्तेसच्या मित्रराज्यांतही माणसे तडफडली. साथीने दोन्ही बाजू दुबळ्या केल्या. कोणत्या बाजूला किती शहरे उभी राहणार, हे साथीने ठरवले नव्हते.

या ठिकाणी मराठी वाचकाच्या मनात दुसरा निष्कर्ष उभा राहील, आणि तोही मला तितक्याच ठामपणे नाकारायचा आहे. पराभवाचा हिशेब मांडताना घरभेद्याला आधी शोधायची आपल्याला सवय आहे. म्हणजे त्लास्कालाने फितुरी केली, कोर्तेसची दुभाषी मालिन्त्सिन हिने देश विकला, असे म्हणून मोकळे व्हायचे. मेक्सिकोतही स्वातंत्र्यानंतर तिचे नाव असेच बदनाम झाले. पण कोणता देश? 1519मध्ये मेक्सिको नावाचे राष्ट्र नव्हते. त्लास्कालाने मेशिकांची सत्ता कधीच मान्य केली नव्हती. त्यांचे तरुण मेशिकांच्या वेदीवर बळी जात होते. मालिन्त्सिन ही नावाटल भाषक घरातली मुलगी लहानपणीच माया लोकांच्या हाती गुलाम म्हणून गेली आणि पोतोनचानच्या पराभूत सरदारांनी वीस स्त्रियांपैकी एक म्हणून तिला स्पॅनिशांना देऊन टाकले. तिने कोणाच्या इमानाला जागायचे होते? ज्यांनी तिला विकले त्यांच्या? जी एकी नव्हतीच, ती मोडल्याचा दोष कोणावरही ठेवता येत नाही.

हे समजून घेणे आपल्यालाही दूरचे नाही. त्याच दशकात, 1510मध्ये, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला तो होनावरच्या तिमोजाच्या सल्ल्याने आणि साथीने. तिमोजाच्या नजरेत ते आदिलशाहीविरुद्धचे त्याचे स्वतःचे युद्ध होते. पोर्तुगीज राज्य साडेचारशे वर्षे टिकेल, हे त्या दिवशी त्याला किंवा कोणालाही दिसणे शक्य नव्हते. निकाल ठाऊक असलेल्या पिढीने निकाल ठाऊक नसलेल्या माणसांना देशद्रोही ठरवू नये.

मग सर्वांत अवघड प्रश्न उरतो. मित्रराज्ये इतकी बलाढ्य होती, तर शेवटी मालक स्पॅनिश कसे झाले? याचे उत्तर 13 ऑगस्ट 1521च्या पुढे आहे. त्लास्कालाच्या मागे त्लास्काला होते. स्पॅनिशांच्या मागे समुद्र होता आणि त्यावरून दरवर्षी नवी जहाजे, नवी माणसे, नवे फर्मान येत होते. साथीत राजे मेले, वारसांचे तंटे कोर्तेसकडे आले आणि गादीवर कोण बसणार हे तो ठरवू लागला. गावेच्या गावे स्पॅनिश सरदारांना वेठ आणि खंडणीसाठी वाटून देण्यात आली. शरण आलेला शेवटचा राजा क्वाउतेमोक याला 1525मध्ये संशयावरून फाशी दिली गेली. 1545 आणि 1576च्या साथींनी मध्य मेक्सिकोची गावे ओस पाडली आणि उरलेल्यांवर मेलेल्यांचाही कर बसला. हा विजय रणांगणावर झाला नाही. तो कचेऱ्यांत, देवळे पाडून बांधलेल्या चर्चमध्ये आणि कराच्या वह्यांमध्ये झाला.

फसवणूक झालेल्यांनी गप्प बसून हे सोसले नाही. त्लास्कालाने आपल्या लढायांची कापडी पटावर चित्रांत नोंद करवून घेतली, स्पेनच्या दरबारात शिष्टमंडळे पाठवली, आणि काही हक्क खरोखर राखले: त्यांचे गाव कोणा खासगी सरदाराला वाटले गेले नाही. वेहोत्सिन्गोच्या लोकांनी 1560मध्ये फेलिपे दुसरा याला नावाटलमध्ये पत्र लिहिले. आम्ही तुम्हांला आपखुशीने स्वीकारले, तुमच्यासाठी लढलो, तरी असह्य कर आमच्यावर का, अशी त्यांची रोखठोक विचारणा होती. पेरूतही हेच दिसते. इंकांविरुद्ध स्पॅनिश सेनानी पिझारोला साथ देणाऱ्या वांका लोकांनी किपू नावाच्या दोऱ्यांच्या गाठींत ठेवलेला धान्य, लामा आणि माणसांचा हिशेब लिमाच्या न्यायालयापुढे ठेवला आणि मोबदला मागितला. साम्राज्य कोणाच्या जिवावर उभे राहिले याची ही लेखी साक्ष आहे, आणि ती देणाऱ्यांनी आपल्या हयातीत दिलेली आहे.

पाचशेंच्या कथेने ही साक्ष झाकली. कोर्तेसचे सोबती बक्षिसे आणि जहागिरी मागण्यासाठी अर्ज लिहीत, त्यांत प्रत्येकाने स्वतःचे शौर्य फुगवले आणि मित्रांना गाळले. 1843मध्ये इतिहासकार विल्यम प्रेस्कॉटने अशा स्पॅनिश वृत्तान्तांचा आधार घेऊन रसाळ इतिहास लिहिला आणि बक्षिसाचा अर्ज जगाचा इतिहास झाला. तो आपण अजून मुलांना शिकवतो. मूठभर शूर आणि लाखो भाबडे असे शिकवले, की साम्राज्य निसर्गनियमासारखे वाटू लागते, आणि निसर्गनियमाला जाब विचारता येत नाही. प्रत्यक्षात तिथे माणसांनी केलेले करार होते, आणि ते माणसांनी मोडले. कोणी काय कबूल केले, कोणी किती दिले, कोणाला काय मिळाले, याच प्रश्नांपासून या काळाचा धडा सुरू झाला पाहिजे. वेहोत्सिन्गोच्या लोकांनी जे राजाला विचारले, ते विचारायला आपण मुलांना शिकवले तरच त्यांना साम्राज्य म्हणजे काय ते कळेल.